मनीस पत्र: काकूंची एनसीव्ही आणि माझं मोजकाम

प्रिय मने,

काकूंचा एनसीव्हीचा, म्हणजे नसेला हलका शॉक देऊन ती किती वेगाने संदेश नेते ते मोजायच्या टेस्टचा, रिपोर्ट बघितला गं. दोन्ही हातांना कार्पल टनेल, म्हणजे मनगटात नस दाबली गेलीय, उजवीकडे जास्त, हे तुला डॉक्टरांनी सांगितलंय आणि तू स्वतः फिजिओ, मी त्यात काय भर घालणार. रात्री स्प्लिंट बांधायला लाव त्यांना आणि भाकऱ्या थापायचं काम थोडे दिवस वहिनीकडे दे, ऐकणार नाहीत माहितीये तरी सांग. पण रिपोर्टच्या खाली तू जे खोचकपणे विचारलंयस ना, की आईची टेस्ट पावतीवर एका ओळीत आटोपली, 'एनसीव्ही दोन्ही हात', काउंटरला पैसे भरले, संपलं, मग तुम्ही मेडिकल कोडिंगवाले, अमेरिकेतल्या रिपोर्टांना बिलाचे कोड लावणारे, पुण्यात एसीत बसून त्याच टेस्टवर दिवसभर करता तरी काय, त्याचं उत्तर आज देतेच. सुट्टी आहे, मशीनला कपडे लावलेत, वेळ आहे.

तर बघ, आपल्याकडे हात मोजतात, अमेरिकेत नसा मोजतात. आपला सेंटरवाला सांगतो दोन हातांचे एवढे, चारी हातापायांचे एवढे, आणि ओपीडीची टेस्ट मेडिक्लेममध्ये सहसा बसतच नाही, त्यामुळे नक्की कुठली नस केली हे विचारतंय कोण. अमेरिकेत पैसे बहुतेक इन्शुरन्सने द्यायचे, मग तो विचारणारच ना, कुठल्या नसा केल्या, कशासाठी केल्या, रिपोर्ट कोणी वाचला. आणि ही सगळी उत्तरं कोडमध्येच पाहिजेत. काय केलं ते सांगायला सीपीटी, पाच आकडी, अमेरिकन मेडिकल असोसिएशनचे, आणि का केलं ते सांगायला आयसीडी. सीपीटी जानेवारीत बदलतो, आयसीडी ऑक्टोबरमध्ये, म्हणजे वर्षातून दोनदा आमचं ट्रेनिंग ठरलेलं.

२०१२ पर्यंत काम सरळ होतं असं आमच्या टीममधल्या सीनियर मॅडम सांगतात. मोटर, म्हणजे स्नायू हलवणाऱ्या नसेला ९५९००, एफ वेव्हसकट (मणक्यापर्यंत जाऊन परत येणारा सिग्नल) असेल तर ९५९०३, सेन्सरी, म्हणजे स्पर्श कळवणाऱ्या नसेला ९५९०४, आणि जेवढ्या नसा तेवढे युनिट, मीटर टाकून रिक्षा पळवावी तसं. मग १ जानेवारी २०१३ पासून हे तिन्ही कोड गेले आणि ठोक भाव आला. एक-दोन स्टडी (एका नसेची एक तपासणी ती एक स्टडी) असतील तर ९५९०७, तीन-चार ९५९०८, असं दोन-दोनने चढत अकरा-बाराला ९५९१२, आणि तेरा किंवा वर कितीही गेलं तरी ९५९१३, युनिट एकच. तेरा करा नाहीतर तीस करा. त्या वर्षी न्यूरोवाल्या डॉक्टरांचे पैसे जबरदस्त कापले गेले, बरेच जण अजून त्या नावाने बोटं मोडतात.

आता गंमत अशी की मोजायचं कसं हेच नवीन पोरापोरींना कळत नाही. काकूंचाच रिपोर्ट घे समोर. उजवी मीडियन (कार्पल टनेलमध्ये दाबली जाते ती नस) मोटर, मनगटाला शॉक दिला, कोपराला दिला, तक्त्यात दोन ओळी, पण स्टडी एकच. अल्नार (करंगळीकडची नस) मोटर, मनगट, कोपराखाली, कोपरावर, तीन ओळी, तरी एकच. डाव्या हाताचं तसंच. सेन्सरीला दोन्ही हातांची मीडियन आणि अल्नार, एकेक ओळ. खाली एफ वेव्हचा अख्खा वेगळा तक्ता आहे, त्याचं काहीच मिळत नाही, ते मोटरमध्ये धरलेलं. म्हणजे मोटर चार, सेन्सरी चार, झाले आठ, कोड ९५९१०. जो ओळी मोजत बसेल तो मोटरच्या दहा आणि सेन्सरीच्या चार करून चौदावर पोचेल आणि ९५९१३ टाकून मोकळा होईल, आणि ऑडिटमध्ये त्याचा कार्यक्रम. पायाचा एच रिफ्लेक्स (मणक्यातून फिरून पोटरीत येणारा प्रतिसाद) मात्र वेगळा मोजायचा, दोन्ही पाय केले तर दोन. कुठल्या नसेची कुठली शाखा स्वतंत्र धरायची ते सीपीटीच्या पुस्तकात मागे अपेंडिक्स जे म्हणून आहे त्यात दिलंय, माझ्या पुस्तकाची ती पानं आता सुटी व्हायला आलीत.

काकूंना सुया टोचल्या नाहीत ते बरं झालं, नाहीतर अजून भानगड. सुईच्या ईएमजीला, म्हणजे स्नायूत सुई घालून करायच्या टेस्टला, त्याच दिवशी एनसीव्ही झाली असेल तर ९५८८५ किंवा ९५८८६ लागतो, दर हातापायाला एक. चार स्नायूंपर्यंत पहिला. दुसऱ्यासाठी पाच तरी स्नायू पाहिजेत, आणि ते पाच तीन वेगळ्या नसांवर किंवा चार स्पायनल लेव्हलवर पसरलेले पाहिजेत. म्हणजे डेल्टॉइड, बायसेप्स, ट्रायसेप्स, एपीबी (अंगठ्याचा स्नायू) आणि पहिला डॉर्सल इंटरऑसियस असे पाच स्नायू वाचले की डोक्यात लगेच अॅक्झिलरी, मस्क्युलोक्युटेनियस, रेडियल, मीडियन, अल्नार, पाच नसा, चला पास. हे तुला झोपेत येईल. आमच्याकडे बीकॉम करून आलेली मुलं हे पाठ करतात बिचारी. आणि हे दोन्ही कोड एकटे जात नाहीत, बरोबर एनसीव्हीचा कोड नसला की क्लेम परत. मग माझी रूममेट, ती एआरला, म्हणजे अडकलेल्या क्लेमच्या वसुलीला आहे, रात्रभर हेडफोन लावून तिकडच्या इन्शुरन्सवाल्याशी त्या एका क्लेमवर हुज्जत घालते. आमची कोडिंगची निदान दिवसाची शिफ्ट.

आयसीडीचं थोडक्यात सांगते. अमेरिकेतल्या आयसीडीत बाजूसुद्धा कोडमध्ये असते, जी५६.०१ उजवा, .०२ डावा, .०३ दोन्ही. आणि डॉक्टरने 'कार्पल टनेल असावं, बघा' एवढंच लिहिलं आणि टेस्ट नॉर्मल आली तर कार्पल टनेल लावायचं नाही, मुंग्यांचा आर२०.२ लावायचा. शंका कोड करत नाहीत. मला हा नियम मनापासून आवडतो, कारण एकदा का कोणाच्या फाइलला आजार चिकटला की तो काढणं महामुश्किल.

आता जे ऑफिसात बोलता येत नाही ते. एएएनईएम म्हणून तिकडे या टेस्ट करणाऱ्या डॉक्टरांची संघटना आहे, त्यांचा एक तक्ता आहे की कुठल्या आजाराला साधारण किती स्टडी पुरतात. दोन्ही हातांच्या कार्पल टनेलला मोटर चार, सेन्सरी सहा, बहुतेक पेशंटचं एवढ्यात भागतं. काकूंची टेस्ट बघ, त्याच्या आतच, सांगलीच्या त्या माणसाने उगाच एक शॉक जास्त दिलेला नाही. आणि आमच्याकडे एका क्लिनिकचे रिपोर्ट येतात, नाव कशाला घेऊ, तिथे पेशंटची मान दुखू दे, तळपाय जळजळू दे नाहीतर एका बोटाला मुंग्या येऊ दे, स्टडी बरोब्बर तेरा. कमी नाही, जास्त नाही. मी क्वेरी टाकली तर वरून उत्तर आलं, डॉक्युमेंटेड आहे ना, मग कोड करा. नियमाने ते बरोबरच आहे गं, कागदावर आहे ते झालं आणि कागदावर नाही ते झालंच नाही, आम्ही पेशंट बघत नाही, कागद बघतो. पण एका बोटाच्या मुंग्यांसाठी कोणीतरी दोन्ही पायांना शॉक खाऊन गेलंय, आणि डिडक्टिबल (इन्शुरन्सने द्यायच्या आधी पेशंटने भरायची रक्कम) संपलं नसेल तर त्याचं बिलही त्यालाच, हे कोड टाकताना दिसतं आणि मग चहा गोड लागत नाही.

तू विचारलंस क्लिनिक सोडून यात येऊ का. माझं मत विचारशील तर आत्ताच सोडू नको. परीक्षा तुला जड नाही, सीपीसी म्हणतात, शंभर प्रश्न, चार तास, पुस्तकं उघडून द्यायची, सत्तर टक्क्यांना पास. फी डॉलरमध्ये आहे तेवढीच बोचते. पण पास झाल्यावरही अनुभव नसला की नावापुढे ए लागतो, अप्रेंटिसचा, आणि पहिला पगार तुझ्या आत्ताच्या कमाईपेक्षा फार वर जाणार नाही. शिवाय फ्लोअरवर मोबाईल नाही, कागद-पेन नाही, पेशंटची माहिती बाहेर जाऊ नये म्हणून, आणि दिवसाचं टार्गेट. तू बोलघेवडी, पेशंटशी गप्पा मारत खांदा हलवणारी, तुला स्क्रीनसमोर आठ तास करमेल का ते तूच ठरव. क्लिनिक चालू ठेवून संध्याकाळी अभ्यास जमतो. माझं गेल्या वर्षीचं सीपीटीचं पुस्तक सरावाला चालेल, दादा पुढच्या आठवड्यात सांगलीला येतोय त्याच्याबरोबर देते.

आणि हो, काकूंच्या रिपोर्टवर हाताचं तापमान लिहिलेलं नाही. हात ३२ डिग्रीच्या खाली गार असला की नस आपोआप मंद दिसते हे तुला माहितीच आहे. अल्नार दोन्हीकडे नॉर्मल आलीय, म्हणजे गारठ्याचा दोष नसावा, तरी ऑपरेशनचं बोलणं निघालं तर सर्जनकडे जायच्या आधी सेंटरला एक फोन करून विचारून घे.

तुझी,
शमा