कार्यशाळा पुण्यात आणि आमची शाळा भीमेकाठी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

विज्ञान दिनाच्या आसपास तुमच्या पेपरात कुठे काय कार्यक्रम आहेत त्याची यादी येते, ती मी दरवर्षी कापून ठेवते. यंदाची पण ठेवलीय, कपाटाच्या दाराला आतून चिकटवलीय. पण खरं सांगू का, त्या यादीतल्या एकाही कार्यक्रमाला मला आजपर्यंत माझ्या शाळेतली मुलं घेऊन जाता आलेलं नाही, आणि त्याबद्दलच हे पत्र लिहितेय. थोडं लांबलं तर सांभाळून घ्या.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. भीमेकाठची वस्ती आहे, शाळा पहिली ते चौथी, आम्ही दोघंच शिक्षक, मी आणि आमचे सर. मुलं सदतीस. उसाच्या सीझनला त्यातली काही आई-बापाबरोबर जातात, काही येतात. पुणे आमच्यापासून एसटीने साडेपाच-सहा तास. म्हणजे आयुकात, पुण्याच्या त्या खगोलशास्त्राच्या संस्थेत, विज्ञान दिनाला सगळ्यांना दारं उघडी असतात, शास्त्रज्ञ मुलांशी बोलतात, सगळं छान आहे आणि फुकट आहे, पण सहा-सात वर्षांच्या लेकरांना पहाटे चारला उठवून नेणार कसं, आणि रात्री आणून घरी सोडणार कसं. मुंबईचं नेहरू विज्ञान केंद्र, मानखुर्दचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र, ही नावं आमच्या मुलांसाठी पुस्तकातली नावं आहेत, बाकी काही नाही.

दुसरी गोष्ट फार कुणी बोलत नाही म्हणून मुद्दाम लिहिते. कल्पकतेला वाव देणाऱ्या योजना आहेत ना, त्या बहुतेक सहावीपासून पुढच्या मुलांसाठी आहेत. इन्स्पायर मानक, ज्यात मुलाने आयडिया पाठवायची आणि निवड झाली की १०,००० रुपये मिळतात, ती सहावीपासून. अटल टिंकरिंग लॅब, जिला २० लाखांपर्यंत निधी मिळतो, ती पण सहावी ते बारावी. नव्या शैक्षणिक धोरणातले १० दिवस दप्तराविना, ते सहावी ते आठवी. या योजनांना माझा अजिबात विरोध नाही, मोठ्या मुलांना मिळतंय ते मिळालंच पाहिजे. पण मूल सगळ्यात जास्त 'का' विचारतं ते पहिली-दुसरीत, हे कुठल्याही बाईला विचारा. आणि त्या वयाच्या मुलांच्या वाट्याला काय येतं तर २०२४ पासूनचा आनंददायी शनिवार, म्हणजे शनिवारी पुस्तकाऐवजी खेळ आणि कृती. तो चांगलाच आहे, मी मनापासून घेते, पण त्यात काय करायचं ते आम्हाला हाताने करून कोण दाखवणार?

मी शिकले ते असंच चालता चालता. काही वर्षांपूर्वी मोबाईलवर अरविंद गुप्तांचे व्हिडिओ बघितले. त्यांनी बरीच वर्षं आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान केंद्रात काम केलं, २०१८ ला पद्मश्री मिळाली, टाकाऊ वस्तूंपासून खेळणी करतात, मराठीत पण आहेत व्हिडिओ. त्यात एक काडेपेटीच्या काड्यांचं होतं. मी पंक्चरवाल्याकडून सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब आणली, त्याने दोन मीटर दिली आणि पैसेच घेतले नाहीत, म्हणाला शाळेसाठी आहे ना बाई, न्या. कात्रीने बोटाच्या पेराएवढे तुकडे केले. काड्यांचं गुल खरवडून काढलं, ते काम मात्र मी घरीच केलं, मुलांच्या हातात गुल द्यायचं नाही.

वर्गात प्रत्येकाला तीन काड्या, तीन तुकडे. तुकड्याच्या दोन्ही टोकांत एकेक काडी खुपसायची की सांधा तयार. त्रिकोण झाला. म्हटलं, दाबा बरं. दाबला, हलेना. मग चार काड्यांचा चौकोन केला, नुसतं बोट लावलं की शंकरपाळी झाली त्याची. हसून हसून पुरेवाट. पुन्हा चौकोन, पुन्हा शंकरपाळी. मग पाचकोन, तो तर होडी होतोय, मासा होतोय, काय वाट्टेल ते. आणि त्रिकोण कसाही धरा, त्रिकोणच. मी काहीच सांगितलं नव्हतं बरं का, फक्त विचारलं की चौकोन उभा राहायला काय करायचं. तिसरीतली एक मुलगी, एरवी तोंडातून शब्द निघत नाही तिच्या, वर बघत बसली होती. आमच्या शाळेला पत्रा आहे. ती म्हणाली, "बाई, म्हनून छपराला तिरकं लोखंड लावलंय काय?" सगळा वर्ग वर बघायला लागला. छपराच्या त्या लोखंडी कैचीखाली मी नऊ वर्षं उभी राहून शिकवलं आणि मला स्वतःला ते कधी दिसलं नव्हतं.

आणि पुढच्या सोमवारी एक पोरगा सांगत आला की घरच्या शेरडांच्या फाटकाला त्याने आणि आज्ज्याने तिरकी फळी ठोकली, आता लोंबत नाही. मी जाऊन बघितलं फाटक. खरंच.

खर्च किती आला? काडेपेट्यांचे पैसे, बस्स. म्हणून साहित्य नाही, निधी नाही ही आमची मुख्य अडचण आहे असं मला वाटत नाही. आमची अडचण आहे वेळ, आणि दाखवणारा माणूस.

आता कार्यक्रमांचं सांगते. कुणाचं नाव घेत नाही, कारण नाव घेऊन काही साधायचं नाही, आणि हे सगळीकडे असंच आहे हे इतर शिक्षक वाचतील तर मान हलवतील. एकदा गोष्ट सांगण्याच्या कार्यशाळेचं पत्र रात्री साडेनऊला ग्रुपवर आलं, कार्यशाळा दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला, साठ किलोमीटरवर. आमचे सर त्या आठवड्यात मतदार यादीच्या कामावर होते. मी गेले असते तर शाळेला कुलूप. नाही गेले. मला गोष्टींची फार आवड आहे हो, त्या दिवशी दिवसभर मन लागलं नाही. दुसऱ्यांदा एका कार्यशाळेला जायला मिळालं तर तिथे तीनशे शिक्षक एका हॉलमध्ये, दीपप्रज्वलन, सत्कार, मनोगतं, मग जेवण, आणि ज्या ताई लांबून खास शिकवायला आल्या होत्या त्यांना शेवटी चाळीस मिनिटं. त्यांनी पिशव्या भरून साहित्य आणलं होतं, ते वाटायला वेळच उरला नाही. हाताने करायच्या वस्तू आम्ही पडद्यावर बघितल्या आणि घरी आलो. आणि येता येता मेसेज, जिओ टॅग फोटो टाका, लिंक भरा, अहवाल पाठवा. फोटो टाकले. फोटोत सगळे हसतच होतो.

मग काय करावं? माझं म्हणणं एवढंच आहे की कार्यक्रम आमच्यापर्यंत आणा. ते होऊ शकतं, होतंय पण. जुन्नर तालुक्यातल्या खोडदला जीएमआरटी ही मोठी रेडिओ दुर्बीण आहे, ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची, तिथे विज्ञान दिनाला प्रदर्शन भरतं आणि आसपासच्या खेड्यातल्या शाळांची मुलं आपापले प्रयोग मांडतात. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाने २०१५ पासून बसमध्येच संग्रहालय केलंय, म्युझियम ऑन व्हील्स, ती बस शाळेच्या दारात जाते. असं काहीतरी तालुक्याच्या ठिकाणी वर्षातून एकदा जरी आलं तरी आम्ही मुलांना ट्रॅक्टरमध्ये बसवून नेऊ, पालक स्वतः सोडतील, मी शब्द देते.

आणि शिक्षकांसाठी तर वेगळी यंत्रणा उभी करायचीच गरज नाही. दर महिन्याला केंद्राची, म्हणजे जवळपासच्या शाळांच्या गटाची, शिक्षण परिषद असतेच. आमच्या केंद्रात चौदा शाळा, सगळ्या शाळांचे शिक्षक जमतात, तीस-पस्तीस जण, म्हणजे खाली सतरंजी टाकून बसायला अगदी बरोबर संख्या. त्यात परिपत्रकं वाचण्यात जो वेळ जातो तो कमी करा, परिपत्रक मोबाईलवर आलेलंच असतं, आणि एक तास हाताने करण्याला द्या. दर वेळी बाहेरचा माणूस नको. चौदा शाळांत एकाला कागदाचं छान येतं, एकाला बाहुल्या, एक सर बासरी वाजवतात. डाएटने, म्हणजे जिल्ह्याच्या शिक्षक प्रशिक्षण संस्थेने, आणि मोठ्या संस्थांनी या लोकांना वर्षातून दोनदा शिकवावं, छोट्या गटात, जेवणाच्या आधी. तारखा जूनमध्येच सांगाव्यात, रात्री साडेनऊला नाही. आणि दोन शिक्षकी शाळेतला एक जण गेला तर त्या दिवसापुरती जवळच्या डीएड कॉलेजची मुलं शाळेवर द्यावीत, त्यांना नाहीतरी पाठ घ्यायचेच असतात, आणि मुलांना नवीन ताई-दादा आले की केवढा आनंद होतो.

आमच्याच सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतून रणजितसिंह डिसले गुरुजींना २०२० चं ग्लोबल टीचर प्राइज मिळालं, आणि त्यांनी त्यातली अर्धी रक्कम बाकीच्या नऊ अंतिम स्पर्धकांना वाटली. बातमी आली तेव्हा आम्ही सगळे भारावून गेलो होतो. पण असं काम करू शकणारे किती तरी जण वस्त्यांवर बसलेत, ते एकमेकांना भेटतच नाहीत. मला माझ्या शेजारच्या शाळेतल्या बाई काय करतात ते व्हॉट्सॲपच्या फोटोवरून कळतं, आणि आमच्यात अंतर चार किलोमीटर आहे.

केंद्रप्रमुख साहेबांशी मागच्या आठवड्यात बोलले. ते म्हणाले, तास जमणार नाही, पण पुढच्या परिषदेला अर्धा तास तुम्ही घ्या बाई. मी पंक्चरवाल्याला दहा मीटर ट्यूब सांगून ठेवलीय. पस्तीस जणांच्या काड्यांचं गुल काढायचंय, आमचे सर पण मदतीला बसणार आहेत.

आपली,
एक प्राथमिक शिक्षिका