चि. माऊस पत्र

चि. माऊ,
अनेक आशीर्वाद.

या नावानं तुला हाक मारून किती वर्षं झाली. पाचवीत स्कॉलरशिप मिळाली तेव्हापासून मी तुला ‘डॉक्टर’ म्हणायला लागलो. मग गल्लीतल्या बायका म्हणू लागल्या, मग पारावरचे म्हातारे. परवा तू लातूरहून आलीस, शेजारच्या काकूंनी ‘आल्या का डॉक्टरीणबाई?’ म्हटलं आणि तू मागच्या दारानं निघून गेलीस. मी ओसरीवरून बघत होतो.

तेरा वर्षांची असताना सोयाबीनच्या ओलाव्यापायी वजनात जास्त कट्टी लावली म्हणून आडत्याशी भांडली होतीस तू. मी नुसता उभा, अर्धा लाजेनं, अर्धा कौतुकानं. ती पोर आता फोनवर ‘हं’ आणि ‘बरंय’ एवढंच बोलते. आई म्हणते, दोन घास खाऊन ताट सारते, केस मुठीनं गळतायत. आणि मी फोन लागला की पहिलं काय विचारतो? ‘टेस्टला किती पडले?’ डॉक्टरकीच्या ‘नीट’ परीक्षेचे ७२० पैकी किती, याच्यापुढं आपलं बोलणं जातच नाही.

हे डॉक्टरचं खूळ कुठून आलं, कधी सांगितलं नाही. ३० सप्टेंबर १९९३, गणपती बुडवून लोक झोपलेले, पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. मी बारा वर्षांचा. माळवद कोसळून पाय चेंगरला. तंबूत एका डॉक्टरबाईनं तो बांधला, डोक्यावरून हात फिरवला. मला तसं व्हायचं होतं. दहावीनंतर औताला लागलो. पुढं तू झालीस, आणि तुला काय व्हायचंय हे विचारायचं राहूनच गेलं.

रिपीटर बॅचच्या फीसाठी कर्ज काढलं, हे चार पाहुण्यांत तुझ्यादेखत बोललो. चुकलं माझं. कर्ज मी काढलंय, मी फेडीन.

झोप लागत नसेल, छातीत धडधडत असेल तर १४४१६ लाव. टेली-मानस म्हणतात, मनाच्या त्रासासाठीची हेल्पलाइन. सरकारी आहे, फुकट आहे, रात्रीही उचलतात, मराठीत बोलतात. मी आधी लावून बघितला. खरं सांगायचं तर माझ्याच झोपेसाठी.

रविवारी सकाळच्या एसटीनं येतोय. मार्कांचं काढलं तर उठवून बसस्टँडला धाड. परीक्षा द्यायची की नाही ते तुझं तू ठरव, आणि मला सांगावंसं वाटेल तेव्हाच सांग. भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी आणतोय. तुझ्या पोटासाठी आईनं तिखट कमी घातलंय.

तुझे पप्पा