आवाज थांबला, श्वासाचे काय?

पुणे,
दि. ११ जानेवारी

प्रिय वसंता,
सप्रेम नमस्कार.

घोरणे थांबवणारी दातांची पट्टी मागवली, गरम पाण्यात बुडवून चावली की ती आपोआप बसते, आणि वहिनी त्या रात्रीपासून शांत झोपू लागल्या, असे परवा तू फोनवर मोठ्या उत्साहाने सांगितलेस. मी हसलो खरा, पण फोन ठेवल्यावर चैन पडेना, म्हणून सविस्तर लिहितो आहे. तशीच पट्टी मीही वापरली होती आणि तिच्यापायी माझे दीड वर्ष फुकट गेले.

माझे घोरणेही तिने पुष्कळ कमी झाले होते. दिवाणखान्यात झोपणारी ही पुन्हा खोलीत आली, घरात आनंदीआनंद झाला. मात्र सकाळी डोके जड असायचे ते असायचेच, दुपारी समोरचा माणूस बोलत असताना डोळे मिटायचे, आणि एकदा सिंहगड रस्त्यावरच्या सिग्नलला मला चक्क डुलकी लागली, ती मागच्या रिक्षावाल्याच्या शिव्यांनी मोडली. शेवटी एका रात्री हिनेच जागून घड्याळ हातात धरले. आवाज नव्हता, पण मध्येच श्वासही नव्हता. वीस-पंचवीस सेकंद सारे स्तब्ध, आणि मग दचकल्यासारखा एक मोठा श्वास.

झोपेत घशाचे स्नायू सैलावतात, जीभ मागे पडते आणि हवेची वाट अरुंद होते; त्या वाटेने जाणाऱ्या हवेने टाळूचा मऊ भाग आणि पडजीभ थरथरते, ते घोरणे. वाट पुरतीच मिटू लागली की स्लीप अ‍ॅप्निया. किमान १० सेकंद श्वास थांबला किंवा बराच मंदावला तर तो एक प्रसंग धरतात, आणि तासाला असे ५ ते १५ प्रसंग म्हणजे सौम्य, १५ ते ३० म्हणजे मध्यम व त्यावर तीव्र आजार मानतात. घरीच बोटाला आणि छातीला यंत्र लावून केलेल्या चाचणीत माझा आकडा २२ निघाला.

डॉक्टरांनी आधी सीपॅपच, म्हणजे मास्कमधून हवा सोडणारे यंत्र, सुचवले. कॉलिन सुलिव्हन यांनी १९८१ साली सिडनीत पुढे आणलेला हा उपाय हवेच्या दाबाने घसा उघडा ठेवतो आणि तीव्र आजारात पहिला मान त्याचाच. पण मला मास्क काही केल्या सोसेना. रात्री दोनच्या सुमारास मी तो झोपेतच काढून टाकत असे, आणि कपाटात पडलेले यंत्र कितीही उत्तम असले तरी त्याचा काय उपयोग! दोन महिन्यांनी त्यांनीच मला, झोपेत खालचा जबडा पुढे धरून ठेवणारे दातांचे उपकरण करून घ्यायला, दंतवैद्याकडे धाडले.

तिथे दात हलतात का, हिरड्या धड आहेत का, जबड्याचा सांधा दुखतो का, हे आधी पाहिले. (तुझ्या तीन दाढा काढलेल्या आहेत, तेव्हा उपकरणाला आधार पुरेल का हे तू मुद्दाम विचार.) मग खालचा जबडा जास्तीत जास्त किती पुढे येतो ते खाचा असलेल्या एका मोजपट्टीवर मोजले; माझा ९ मिलिमीटर आला. त्याच्या निम्म्याहून थोडे अधिक, म्हणजे ५ मिलिमीटरवर सुरुवात झाली. वरच्या आणि खालच्या दातांवर अ‍ॅक्रिलिकचे दोन ट्रे, दोन्ही बाजूंना बारीक स्क्रू, आणि ते फिरवायला टाचणीएवढी किल्ली. ठरल्या दिवसांनी एक फेरा दिला की जबडा पाव मिलिमीटर पुढे. जबड्याबरोबर जीभ पुढे ओढली जाते आणि घसा बाजूंनीही रुंदावतो. तुझ्या पट्टीत हे इतके मोजून-मापून करता येत नाही, आणि खरी मेख तिथेच आहे.

त्रास झाला नाही असे नाही. पहिले पंधरा दिवस उशी लाळेने भिजायची, आणि सकाळी दाढा एकमेकींवर टेकत नसल्याने चहाबरोबरची खारीसुद्धा धड चावता येत नसे. त्यासाठी उठल्यावर दातांखाली धरायला एक छोटा ठोकळा दिला आहे. वर्षानुवर्षे वापरल्यास दात थोडे सरकतात, हे डॉक्टरांनी आधीच स्पष्ट सांगितले होते. म्हणून दर सहा महिन्यांनी दाखवून येतो.

साडेसहा मिलिमीटरवर आलो तेव्हा घोरणे बंद झाले होते, म्हणून पुन्हा चाचणी करायची मी टाळाटाळ करू लागलो. तेव्हा डॉक्टरांनी माझ्याच पट्टीची गोष्ट मला ऐकवली! उपकरण तोंडात ठेवून चाचणी झाली आणि आकडा ७ वर आला.

तुला रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत, दुपारच्या पेंगण्याबद्दलही तूच बोलला होतास. तेव्हा पट्टी डब्यात ठेव आणि आधी चाचणी करून घे. तोवर वहिनींना म्हणावे, कानांवर भिस्त ठेवू नका, एक रात्र छातीकडे पाहा. आणि अहवाल येईपर्यंत नाशिकहून कसारा घाटाने स्वतः गाडी हाकत मुंबईला जाऊ नकोस. सरळ पंचवटी एक्सप्रेस धर.

तुझा,
माधव