मॅडम, खांद्याला घाई केली नाहीत म्हणून…

आदरणीय फिजिओथेरपिस्ट मॅडम,

आभार समोर मानले असतेच, पण ज्यांचा खांदा सध्या आखडत चाललाय त्यांनाही तुमचं म्हणणं कळावं, म्हणून हे उघड पत्र.

तुमच्याकडे आले तेव्हा एक्स-रे साफ होता आणि "काही झालेलं नाही" हे ऐकून कान किटले होते. तुम्ही माझं कोपर काटकोनात वाकवून बरगडीला टेकवलंत आणि पंजा हळूच बाहेरच्या बाजूला नेलात. जरासा गेला आणि अडला. "हात सैल सोडा," म्हणालात. सोडला, तरी तिथेच अडला. स्नायूला हाडाशी जोडणारा कंडरा फाटला असेल तर आपल्याला हात उचलवत नाही, पण दुसऱ्याने उचलला तर बहुतेक वेळा वर जातो. माझा तुम्हालाही हलवता येईना. सांध्याभोवतीचं आवरणच जाड होऊन आक्रसलं होतं, म्हणजे फ्रोझन शोल्डर, आणि ते एक्स-रेत दिसत नाही. मग लगेच विचारलंत, "शुगर किती असते?" मधुमेह असला की फ्रोझन शोल्डरची शक्यता बरीच वाढते, हे मला तोवर कुणीच सांगितलं नव्हतं.

आधी दुखणं, मग जखडणं, मग हळूहळू सुटणं. सगळं मिळून एक ते तीन वर्षं, असं तुम्ही स्पष्ट सांगितलंत. महिनाभरात ठणठणीत करून देणारे पुष्कळ भेटले होते. (तेल तर प्रत्येकाकडे एक होतंच.) तुमचा आकडा मोठा होता, पण खरा तरी होता.

दुखणं ऐन भरात असताना तुम्ही व्यायाम जवळजवळ थांबवलात आणि ऑर्थोपेडिक डॉक्टरांकडे सांध्यातल्या स्टेरॉइडच्या इंजेक्शनसाठी पाठवलंत. हातचा पेशंट असा दुसरीकडे पाठवायला मन मोठं लागतं. इंजेक्शननंतर काही दिवस साखर वाढेल, तपासत राहा, हेही बजावलंत. उताणं झोपून कोपराखाली उशी घ्यायची, ही तुमची साधी सूचना. तिच्यामुळे मला झोप लागायला लागली.

पुढे भिंतीवर बोटं चढवताना तुम्ही माझ्या खांद्यावर नुसता तळवा ठेवायचात. "खांदा कानाकडे चाललाय, हात नाही," म्हणायचात, आणि मी चोरलेली ती दोन बोटं उंची परत खाली यायची. कळ थोड्या वेळात ओसरली तर ठीक, रात्रभर ठणकली तर उद्या कमी करायचं, एवढाच तुमचा नियम. मी ऑपरेशनचा विषय काढला तेव्हा 2020 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या ब्रिटनमधल्या चाचणीबद्दल सांगितलंत: भूल देऊन खांदा मोकळा करणं, दुर्बिणीतून आवरण सोडवणं, आणि इंजेक्शनसह फिजिओथेरपी, या तिन्हींत वर्षाअखेर कुठलाच उपाय ठळकपणे सरस ठरला नाही. ऑपरेशनला नाही म्हणाला नाहीत; निर्णय माझ्यावर सोडलात, तोही पुरती माहिती देऊन.

आता वरच्या फळीवरचा डबा काढता येतो. पाठीमागे हूक लावणं अजून जमत नाही. ही हालचाल शेवटी सुटते असं तुम्ही म्हणाला होतात, म्हणून काठीचा व्यायाम चालू आहे. हा आजार दुसऱ्या खांद्यालाही होऊ शकतो, हेही लक्षात आहे. तिकडे जराशी कुरकुर वाटली की तेलवाल्यांना टाळून थेट तुमच्याकडे येईन.

तुमची,
एक पेशंट