पाणी 'पिण्यास योग्य' होतं, मग कावीळ आली कुठून?

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांना सप्रेम नमस्कार.

साहेब, तुम्ही आमच्याच जिल्ह्याचे, पंचगंगेची अवस्था तुम्हाला वेगळी सांगायला नको. माझी धाकटी बहीण नदीकाठच्या एका गावात दिली आहे. सातव्या महिन्यात तिला कावीळ झाली. आधी नुसती मळमळ, अन्नावरची वासना उडालेली. पोटुशी आहे, व्हायचंच, असं सगळे म्हणाले. मग एका सकाळी अंगणात केस विंचरत बसली होती, तेव्हा उन्हात तिचे डोळे हळदीसारखे दिसले. आईनं गळ्यात काविळीची माळ घातली, आम्ही दवाखाना गाठला. बहीण वाचली. बाळ वाचलं नाही. निदान होतं हिपॅटायटिस ई, म्हणजे दूषित पाण्यातून पसरणारी विषाणूची कावीळ. गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत हा आजार फार घातक ठरतो.

गावच्या पाण्याची चौकशी केली तर उत्तर मिळालं : ओटी टेस्ट पिवळी आली होती, नमुना 'पिण्यास योग्य' होता. सांगणारा खोटं बोलत नव्हता. ओटी टेस्ट पाण्यात क्लोरीन आहे एवढंच सांगते आणि प्रयोगशाळा कोलिफॉर्म, म्हणजे पाण्यात विष्ठा मिसळल्याची खूण देणारे जिवाणू बघते. ते टीसीएल पावडरनं, म्हणजे पाण्यात टाकायच्या क्लोरीनच्या पावडरनं, लवकर मरतात. पोटातून पसरणारे बरेच विषाणू त्याहून चिवट असतात, गढूळ पाण्यात गाळाच्या कणांआड तगून राहतात. त्यांना कुणी शोधलंच नव्हतं.

विषाणू पोटात गेल्यापासून कावीळ दिसेपर्यंत दोन ते आठ आठवडे जातात. रुग्ण दारात येतो तोवर ते पाणी केव्हाच वाहून गेलेलं असतं. पण डोळे पिवळे होण्याआधीच विष्ठेतून विषाणू बाहेर पडू लागतो, काहीच त्रास नसलेल्यांच्याही. तो गटारातून कोल्हापूर शहराच्या जयंती नाल्यात येतो. कसबा बावड्याच्या सांडपाणी केंद्राच्या तोंडाशी शहराच्या मोठ्या भागाची तब्येत रोज येऊन पडते, आणि आपण ती वाचत नाही.

हे आपल्याला जमणारं आहे. मुंबईत २००१ पासून सांडपाण्यात पोलिओचा विषाणू शोधतात. सांडपाण्याचा नमुना घ्यायचा, त्यातला विषाणू एका जागी गोळा करायचा, मग आरटी-पीसीआर. ही यंत्रं कोरोनात जिल्ह्याजिल्ह्यांत आली आहेत. २०१२ साली इचलकरंजीत काविळीनं माणसं दगावली, तेव्हा ती नव्हती, आज आहेत.

एक काळजी कोकणाचीही, कारण तिथली तिसऱ्या, कालवं ही शिंपली आमच्या बाजारात येतात. शिंपल्यातला जीव पाणी गाळून जगतो, त्यामुळे खाडीत सांडपाणी मिसळलं की विषाणू त्याच्या पोटात साठतो. १९८८ साली शांघायमध्ये अर्धकच्चे शिंपले खाऊन सुमारे तीन लाख लोकांना हिपॅटायटिस ए झाला होता. आपल्याकडे शिंपल्याचं तोंड उघडलं की तिसऱ्या शिजल्या असं धरतात. तेवढी वाफ पुरत नाही.

तेव्हा विनंती अशी : कोल्हापूर आणि इचलकरंजीच्या सांडपाण्याची दर आठवड्याला हिपॅटायटिस ए आणि ई साठी तपासणी व्हावी, पावसाळ्यात तर चुकवू नये. विषाणू वाढताना दिसला की त्याच दिवशी दवंडी द्या, पाणी उकळून प्यायला सांगा, आशाताईंना गरोदर बायकांच्या घरी आधी पाठवा. आणि नमुन्यावर 'पिण्यास योग्य' असा शिक्का मारताना, विषाणूंची तपासणी केलेली नाही, हेही त्याच कागदावर छापा.

आपला नम्र,
पंचगंगेकाठचा एक कोल्हापूरकर