लेखकाला लिखाणाबद्दल विचारा ना!

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत लेखकांच्या मुलाखती येतात त्या मी सगळ्यात आधी वाचते, म्हणूनच हे लिहितेय. मुलाखत बहुतेक वेळा पुरस्कार मिळाला की येते आणि मग प्रश्नही तसलेच, कसं वाटतंय, श्रेय कोणाला, नवोदितांना काय सांगाल. पुस्तक कसं लिहून झालं ते शेवटपर्यंत कळतच नाही.

आता कोंकणी लेखक दामोदर मावजोंचंच घ्या. ५७वा ज्ञानपीठ त्यांना मिळाला तेव्हा केवढं छापून आलं. पण हा माणूस माजोर्ड्याला दुकान सांभाळून लिहीत होता आणि त्यांनी 'कार्मेलीन' कादंबरीत कुवेतला घरकामाला गेलेल्या बाईची कथा सांगितली. मला विचारायचंय की गिऱ्हाईक समोर असताना सुचलेलं वाक्य दुकान बंद होईपर्यंत टिकायचं कसं, आखातातून परत आलेल्या बायका मोकळेपणी बोलायच्या का, आणि ऐकलेल्यातलं किती घेतलं, किती मुद्दाम सोडलं? हे सोडलेलं मला फार महत्त्वाचं वाटतं. आपला गोवा एवढासा, नाव बदललं तरी वाड्यावरचे लोक बरोबर ओळखणार की ही अमक्याची सून, मग लेखक काय करतो, दोन माणसांचं एक करतो, गाव बदलतो की ती गोष्ट लिहीतच नाही? हे कोणी विचारलेलं माझ्या तरी वाचनात नाही.

कादंबरीकार महाबळेश्वर सैल सैन्यात होते आणि 'हावठण' ही कादंबरी लिहिली ती कुंभारांच्या आयुष्यावर, तिला २०१६ चा सरस्वती सन्मान मिळाला. माती मळण्यापासून भट्टी लावण्यापर्यंतचं ते सगळं त्यांनी कुठे बसून पाहिलं असेल? शिवाय ते कोंकणीत लिहितात आणि मराठीतही. भाषेवरून आपल्याकडे इतकी वर्षं भांडणं झाली पण एखादा विषय मनात आला की तो कुठल्या भाषेत येतो हे लेखकाला शांतपणे विचारायला काय हरकत आहे! कवी बाकीबाब बोरकरांना विचारायची वेळ तर १९८४ लाच संपली. जे आज आहेत त्यांना तरी विचारूया.

कार्यक्रमांतही तेच, दीपप्रज्वलन, सत्कार, पाहुण्यांची भाषणं, आणि वाचकांच्या प्रश्नांना शेवटची पाच मिनिटं.

माझं म्हणणं एवढंच की महिन्यातून एकदा पुरवणीचं एक अख्खं पान एका लेखकाला द्या, मुलाखत घेणाऱ्याने पुस्तक पूर्ण वाचलेलंच पाहिजे, आणि शक्य झालं तर खाडाखोड केलेल्या एखाद्या हस्तलिखित पानाचा फोटो पण छापा, कॉलेजातल्या लिहिणाऱ्या पोरांना त्यातून भाषणापेक्षा जास्त मिळेल. मुलाखतीचं रेकॉर्डिंग पणजीत पाट्टोवरच्या कृष्णदास शामा ग्रंथालयाला दिलंत तर आणखी बरं, १८३२ पासूनची ही लायब्ररी, तिथे ते पुढच्यांनाही ऐकता येईल. सुरुवात सैलांपासून करा, आणि वाचकांकडून प्रश्न मागवणार असाल तर माझे लगेच पाठवते.

आपली,
एक वाचक, फोंडा