‘काल’ म्हणजे पाय

मा. संपादक,

एकच शब्द वेगवेगळ्या भाषांत कसा अर्थ बदलतो, याविषयीचा मजकूर रविवारच्या पुरवणीत वाचला. इंग्रजीतली भेटवस्तू, ‘गिफ्ट’, जर्मनीत विष ठरते हे वाचून घरात सगळ्यांना मौज वाटली. पण ते दोन्ही शब्द एकाच घरचे, ‘देणे’ या अर्थातून निघालेले. आपली ‘शिक्षा’ हिंदीत शिक्षण होते, तसंच ते. ज्या भाषांचं एकमेकींशी रक्ताचं नातंच नाही, त्यांच्यात हे कसं घडतं ते पाहायला इतकं दूर जायला नको. नागपुरातल्या कुठल्याही मोठ्या रुग्णालयात केसपेपरच्या खिडकीजवळ तासभर उभं राहावं.

मी निवृत्त परिचारिका आहे. हाडांच्या वॉर्डात असताना सिरोंचाकडची एक आजी भरती झाली होती. गुडघ्याखाली हात दाबून ती एकच सांगायची, “कालु नोप्पि, कालु नोप्पि.” खिडकीवरून कागद आला त्यावर लिहिलेलं, ‘दुखणे कालपासून’. राउंडला डॉक्टर कागद बघत आणि पाय बघत. सुजेभोवतीचा डाग हिरवट-पिवळा पडला होता. कालचा मार असा दिसत नाही. आमच्या वॉर्डातल्या मावशी आलापल्लीच्या. त्या म्हणाल्या, “सिस्टर, थे कालची गोष्ट नाई करून राह्यली. कालु म्हंजे पाय. पाय दुखते म्हनते.” मग त्यांनी तेलुगूत विचारलं तेव्हा कळलं, रोवणीच्या वेळी आजी धुऱ्यावरून घसरून पडली होती आणि त्याला पंधरवडा होत आला होता. पंधरा दिवसांचं दुखणं कागदावर एका दिवसाचं झालं होतं. मावशींची त्या दिवशी सुट्टी असती तर?

मराठीतला ‘काल’ संस्कृत ‘कल्य’वरून आला. तेलुगूतला ‘कालु’, गोंडीतला आणि तमिळमधला ‘काल’ हा द्रविड कुळातला पाय. दोघांचा काडीचा संबंध नाही. तोंडातून निघणारे आवाज मोजके, शब्द हजारो. आखूड शब्द एकमेकांवर आदळायचेच. गोंडीत ‘पाल’ म्हणजे दूध. लेकराच्या आईच्या तोंडून तो शब्द ऐकला की मराठी माणूस भिंतीकडे बघतो. गोंडीत ‘पेन’ म्हणजे देव. आणि मेळघाटातल्या कोरकूत ‘जोम’ म्हणजे खाणं! कोरकू तर द्रविडही नाही, ती मुंडा कुळातली, संथाळीची बहीण. तीन वेगळ्या कुळांच्या भाषा बोलणारी माणसं एकाच वॉर्डात शेजारच्या खाटांवर असतात, हे आपल्या विदर्भाचं केवढं मोठं वैभव आहे. मला त्याचं फार अप्रूप वाटतं, आणि आपल्या शाळांत हे कुणी सांगत नाही याचं तितकंच वाईटही वाटतं.

हे शहर गोंड राजा बख्त बुलंद शाहने वसवलं. ज्यांच्या नावाचं कॉलेज आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे, त्या स्टीफन हिस्लॉप यांनी इथे राहून गोंडी शब्द आणि गाणी टिपून ठेवली. त्यांच्या मृत्यूनंतर 1866 साली ते कागद छापले गेले. 2011 च्या जनगणनेत गोंडी बोलणारे सुमारे 30 लाख निघाले. तरीही राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या 22 भाषांत गोंडी नाही, आणि गोंडी बोलणारी बाई दवाखान्यात आली की ‘हिला बोलताच येत नाही’ असं तिच्या तोंडावर म्हणतात. मी हे कित्येकदा ऐकलं आहे आणि प्रत्येक वेळी माझा जीव जळला आहे.

माझं मागणं मोठं नाही. केसपेपरच्या प्रत्येक खिडकीवर गोंडी, तेलुगू आणि कोरकूतले अवयवांचे, दुखण्याचे आणि दिवस सांगण्याचे शब्द देवनागरीत लिहून एक तक्ता लावावा. आमच्या मावशींसारख्या ज्यांना या भाषा येतात, त्यांची नावं ड्यूटीच्या यादीत भाषेसकट लिहावीत आणि या कामाचा त्यांना वेगळा भत्ता मिळावा. तक्ता करायला शब्द हवे असतील तर त्याच मावशींना बोलवा. आपल्या पुरवणीनेही पुढच्या खेपेला जर्मनऐवजी गोंडी शब्द छापावेत, ही विनंती.

– एक निवृत्त परिचारिका, मानेवाडा, नागपूर